हीटर प्लगचा टायमर: जीपच्या दुरुस्तीच्या नोंदी

१४ डिसेंबर २०२४, शनिवार

पहाटे पावणेपाचला ओट्यावरच्या थर्मामीटरवर ७ अंश. नानांनी चावी लावली, डॅशबोर्डावरचा हीटरचा दिवा लागला, थोड्या वेळाने विझला, सेल मारला. इंजिन फिरलं, पेटलं नाही. पुन्हा तेच. चौथ्या सेलला एक-दोन सिलिंडरांनी पकड घेतली, मागून पांढरा धूर आला, अंगणभर कच्च्या डिझेलचा वास पसरला आणि गाडी लंगडत लंगडत चालू झाली. तोवर बॅटरीचा दम गेला होता.

दिवसा ऊन वर आल्यावर हीच जीप अर्ध्या सेलला सुरू होते. त्यामुळे महिनाभर आम्ही दुर्लक्ष केलं. पण आता नाही करता येणार. आम्ही निफाड तालुक्यातले. कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र आमच्यापासून लांब नाही; हिवाळ्यात राज्यातला नीचांक म्हणून बातमीत जो आकडा येतो, तो बऱ्याचदा तिथलाच असतो. पारा असा उतरला की द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात. पहाटे बागेत शेकोट्या लावायच्या आणि ठिबक सोडायचं, हाच उपाय. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, त्याने बाग थोडी सावरते. बाग घरापासून दीड किलोमीटर. सरपण, नाना आणि दोन माणसं जीपमधूनच जातात. गाडी अर्धा तास उशिरा सुरू झाली, तर शेकोटी लावण्यात अर्थ राहत नाही.

जीप महिंद्राची एमएम ५४०. इंजिन फ्रान्सच्या पूजो कंपनीच्या परवान्यावर बनलेलं एक्सडीपी ४.९०. नावातच माप आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास). स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८३, म्हणजे २११२ सीसी. या इंजिनात डिझेलचा फवारा थेट पिस्टनवर पडत नाही. हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरला एक छोटी गोल कोठडी असते, तिच्यात दाबलेली हवा गरगर फिरते आणि नोझल तिथे फवारतं. इंजिन गरम असलं की त्याचा आवाज मऊ येतो तो यामुळेच. थंडीत मात्र दाबलेल्या हवेची सगळी ऊब त्या कोठडीच्या भिंती शोषून घेतात आणि डिझेल पेटायला लागणारी गरमी उरत नाही. म्हणून प्रत्येक कोठडीत हीटर प्लगचं पेन्सिलीएवढं टोक शिरवलेलं असतं. ते ८०० ते ९०० अंशांपर्यंत तापतं. शेजारचा डायरेक्ट इंजेक्शनचा ट्रॅक्टर हीटरशिवाय पहिल्या सेलला उठतो आणि आमची जीप उठत नाही, यात जीपची काही चूक नाही. तिची घडणच वेगळी आहे.

मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, “डिझेलचा पंप उतरवावा लागेल, नोझल तपासून घेऊ.” खर्च आणि चार दिवस. मी म्हटलं, आधी हीटर बघतो. मी आयटीआयला वायरमन ट्रेड केलाय, मल्टीमीटर घरात आहे. दिवसा नीट चालणाऱ्या गाडीचा पंप उघडायला माझं मन घेईना.

शेजारच्या काकांनी एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरायचा सल्ला दिला. पूर्वी सगळे करायचे. मी नको म्हटलं. इंजिन पेटता बोळा आत ओढून घेऊ शकतं आणि शेजारीच डिझेलची नळी आहे. स्टार्टिंगचा स्प्रेही हीटर चालू असताना कधी मारू नये. तो तापलेल्या प्लगला लागला की भडका उडतो.

१५ डिसेंबर, रविवार

आधी प्लग. बॅटरीचा मायनस काढला, चारही प्लगांना जोडणारी पितळी पट्टी ८ च्या पान्याने सोडवली, मायनस परत लावला. मग २१ वॅटच्या बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी एकेका प्लगच्या डोक्याला. पहिला, दुसरा, चौथा: बल्ब लख्ख. तिसरा: काळोख. ओहममध्येही तेच. तीन प्लग ०.६ च्या आसपास (मीटरच्या वायरींचे ०.३ वजा करून), तिसरा पूर्ण तुटलेला.

पट्टी न काढता मोजलं असतं तर हे कळलंच नसतं, कारण चारही प्लग समांतर असतात आणि तीन चांगले मिळून चौथ्याला झाकतात.

चारही बाहेर काढले. तिसऱ्याचं टोक शाबूत होतं. ते फुगलेलं किंवा वितळलेलं असतं, तर त्या सिलिंडरच्या नोझलवर संशय घ्यावा लागला असता. हा नुसताच वयाने गेला. पिंपळगावहून त्याच जातीचा एक आणला. दुकानदार जलद तापणारा देत होता, घेतला नाही. चारांत एक वेगळा नको, आणि टायमर जुन्या जातीच्या हिशेबाने बांधलेला.

बसवायच्या आधी एकेक प्लग व्हाइसमध्ये धरून बॅटरीला लावून पाहिला. हे दृश्य मला फार आवडतं. पाच-सहा सेकंद काहीच होत नाही. मग अगदी टोकावर, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, गडद तांबूस रंग फुटतो, आणि तिथून लाली मागे सरकत येते. बाराव्या-तेराव्या सेकंदाला टोक नारिंगी. लाली टोकाऐवजी मधूनच सुरू झाली, तर तो प्लग थकलाय असं समजायचं. चारही टोकाकडूनच तापले.

१६ डिसेंबर, सोमवार

पहाटे ८ अंश. नवा प्लग असूनही तीन सेल, तसाच धूर. लंगडणं मात्र थोडं कमी.

१७ डिसेंबर, मंगळवार

काल दिवसभर डोक्यात हेच होतं. प्लग चांगले, दिवा नेहमीसारखा लागतो-विझतो, मग तापत का नाही? आज बॉनेट उघडून मल्टीमीटरची लाल वायर प्लगांच्या पट्टीवर आणि काळी इंजिनाच्या बॉडीवर लावली, आणि आईला चावी फिरवायला सांगितलं.

टक. १०.१ व्होल्ट. टक. शून्य.

मध्ये जेमतेम दीड सेकंद. आणि डॅशबोर्डावरचा दिवा? आईला विचारलं तर म्हणाली, “जळतोय की.” दिवा पूर्ण अकरा सेकंद जळला. त्यातले साडेनऊ सेकंद प्लगांना काहीच मिळत नव्हतं. नाना इमानाने दिवा विझायची वाट बघत होते आणि तोवर टोकं पुन्हा गार पडत होती.

म्हणजे गुन्हेगार टायमर. बॉनेटखाली फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवर) बसवलेला काळा प्लास्टिकचा डबा. गाडी आम्ही जुनीच घेतली, तेव्हापासून हा आहे. मागच्या मालकाने बाजारातून आणून बसवलेला. त्यावर ना नाव ना गाव, नुसते आकडे: ३०, ३१, १५, एल, जी. यातले तीन आकडे बऱ्याच गाड्यांच्या वायरिंगमध्ये तोच अर्थ सांगतात: ३० बॅटरीचा प्लस, ३१ बॉडी अर्थ, १५ चावीनंतरचा करंट. एल दिव्याला, जी प्लगांकडे.

नोंद: बॅटरीवर त्याच वेळी ११.५ होते, पट्टीवर १०.१. हे १.४ व्होल्ट कुठे गेले ते नंतर बघायचं.

टायमर दुरुस्त होईपर्यंत बाग थांबणार नाही. म्हणून ७० अँपिअरचा मोटारीचा रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), ८० अँपिअरची पट्टी फ्यूज आणि दाबायचं बटण आणलं. १० चौरस मिलिमीटरची वायर, टोकांना थिंबल दाबून. बटण दाबून ठेवलं तर हीटर चालू, सोडलं की बंद. खटक्याचा स्विच मुद्दाम घेतला नाही. तो चालू राहिला तर प्लग जळतील, बॅटरी उतरेल.

मित्राचा डीसी क्लॅम्प मीटर लावून पाहिला: सुरुवातीला ७२ अँपिअर, दहा सेकंदांत ४५ वर उतरला. प्लगच्या आतली मागची वेटोळी तापली की तिचा रोध वाढतो आणि प्लग स्वतःच करंट आवरता घेतो.

नानांना बटण दाखवलं. “कितीपर्यंत मोजू?”

“वीस. घाई न करता.”

१८ डिसेंबर, बुधवार

६ अंश. नाना अंधारात मोठ्याने मोजत होते, मला खोलीत ऐकू येत होतं. वीस, सेल, आणि इंजिन पहिल्याच पकडीत उठलं. धूर नाही. पंपाचा प्रश्न निकालात निघाला.

रात्री टायमर उघडला. झाकण चार खाचांत अडकवलेलं. केस वाळवायच्या मशीनने कडा ऊबदार केल्यावर न तुटता निघालं. आत पीसीबीवर (पार्ट बसवलेल्या सर्किटच्या पाटीवर) एक मोठा रिले, आठ पायांची आयसी (एलएम २९०३, म्हणजे एकाच अंगात दोन कम्पॅरेटर, दोन व्होल्टेजांची तुलना करणारे), एक ट्रान्झिस्टर, डायोड, वीज साठवणारे दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, बाकी बारीकसारीक. सगळ्यावर वार्निशचा पिवळसर थर. भिंगाखाली रिलेच्या एका पायाभोवती काळी बारीक गोल रेघ दिसली. सोल्डरचा डाग तडकलेला. सापडलं, असं वाटलं. जुनं सोल्डर ओढून काढलं, फ्लक्स लावून नवीन डाग दिला.

१९ डिसेंबर, गुरुवार

टेबलावर १२ व्होल्टची बॅटरी, प्लगांच्या जागी हेडलाइटचा बल्ब. चावीच्या वायरीला करंट दिला. टक, बल्ब लागला, टक, विझला. दीड सेकंद. तडकलेला डाग खरा होता, कधीतरी त्रास देणारच होता, पण हा आजार त्याचा नव्हता.

२१ डिसेंबर, शनिवार

नकाशा नसलेल्या पीसीबीचा नकाशा काढायचा तर उतावीळपणा उपयोगाचा नाही. पाठीमागून टॉर्च लावला की तांब्याच्या वाटा सावलीसारख्या दिसतात. वार्निश जिथे मीटर टेकवायचा तेवढ्याच जागी खरवडलं. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर पेन्सिलीने उतरवत गेलो. तीन तास लागले, आणि शेवटी जे दिसलं ते इतकं साधं होतं की आनंद झाला.

९.१ व्होल्टचा झेनर डायोड सगळ्याला स्थिर पुरवठा देतो. दोन रेझिस्टर, १० के आणि ५.६ के (के म्हणजे हजार ओहम), त्याचे सुमारे ६४ टक्के करून आयसीच्या एका पायाला देतात. ही उंबऱ्याची रेघ, साधारण ५.८ व्होल्टवर. दुसऱ्या पायावर ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. चावी लावली की तो १०० केच्या रेझिस्टरमधून आणि त्याच्याशी ओळीत जोडलेल्या थर्मिस्टरमधून (तापमानानुसार रोध बदलणाऱ्या रेझिस्टरमधून) हळूहळू भरतो. भरत भरत उंबरा ओलांडला की रिले सुटतो. हंडा नळाखाली ठेवायचा आणि खुणेपर्यंत पाणी आलं की नळ बंद करायचा, तेच इथे चाललंय.

आणि नळाची धार थंडी ठरवते. थर्मिस्टर २५ अंशांना १०० के, थंडीत त्याचा रोध वाढतो. ६ अंशांना तो सुमारे २४५ के होतो, म्हणजे एकूण ३४५ के. त्याला ४७ मायक्रोने गुणलं की सोळा सेकंद. २५ अंशांना साडेनऊ सेकंद. इंजिन तापून डबा ८० अंशांवर असेल तर पाचच. ज्याने हे मांडलं, त्याने दोन रुपयांच्या वस्तूंत हिवाळा आणि उन्हाळा ओळखायची सोय केली आहे. त्याच्या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

दिव्याचा हिशेब आयसीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, वेगळ्या छोट्या कपॅसिटरवर. तो शाबूत. म्हणूनच दिवा खोटं बोलत होता: त्याचा प्लगांशी काही संबंधच नाही, तो नुसता स्वतःचा वेळ मोजतो.

आता हंड्याचीच तपासणी. ४७ मायक्रोचा कपॅसिटर उतरवला. मीटरवर ४.६. हंड्याचा तांब्या झालेला! दहावा हिस्सा कपॅसिटी, म्हणून दहावा हिस्सा वेळ. सोळाच्या जागी दीड-पावणेदोन. आकडा आणि लक्षण इतकं तंतोतंत जुळताना फार क्वचित दिसतं.

२३ डिसेंबर, सोमवार

गावातल्या रेडिओ-टीव्हीच्या दुकानातून ४७ मायक्रो, २५ व्होल्टचा कपॅसिटर पाच रुपयांना आणला. मीटरवर ४८. लावला. हेडलाइट लागला. दहा, पंधरा, वीस... एकतीस सेकंदांनी विझला. खोलीत २२ अंश, वेळ यायला हवी होती साडेदहाच्या आसपास. पुन्हा केलं: चोवीस. पुन्हा: एकोणीस.

हे आधीच्या बिघाडापेक्षा वाईट. टायमर कमी चालला तर गाडी सुरू होत नाही. जास्त चालला तर प्लग जळतात.

कारण विचार करून सापडलं. उंबऱ्याजवळ पोचताना हंड्यात येणारी धार अगदी बारीक असते. ९.१ वजा ५.८, म्हणजे ३.३ व्होल्ट, थंडीतल्या ३४५ केने भागले की साडेनऊ मायक्रोअँपिअर. साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला गळतीची जी मर्यादा दिलेली असते, तिचा हिशेब (कपॅसिटी गुणिले व्होल्ट, त्याचा शंभरावा भाग) ११ मायक्रोअँपिअरच्या वर जातो. येणाऱ्या पाण्याहून गळणारं पाणी जास्त असेल तर हंडा खुणेपर्यंत कधीच भरणार नाही, आणि हीटर बंदच होणार नाही. दुकानाच्या खणात वर्षानुवर्षं पडलेल्या कपॅसिटरची गळती आणखी वाढलेली असते. करंट देत राहिलं की आतला ऑक्साइडचा थर पुन्हा धरतो आणि गळती उतरते. म्हणून एकतीस, चोवीस, एकोणीस. तो शेवटी साडेदहावर आलाही असता. पण उन्हाळ्यात गाडी दोन महिने उभी राहिली तर पुन्हा एकतीस. असला भरवशाचा नसलेला माल मी नानांच्या गाडीत लावणार नाही.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळची सुटी. नाशिकला एमजी रोडला जाऊन ४७ मायक्रो, २५ व्होल्टचे दोन टँटलम (या धातूपासून बनवलेले) कपॅसिटर आणले. आकार वाटाण्याएवढा, थंडीत कपॅसिटी जवळपास तशीच राहते. एक सावधगिरी इथे लिहून ठेवतो, कारण माझा हात चुकता चुकता राहिला: इलेक्ट्रोलिटिकच्या अंगावरची पट्टी मायनस दाखवते, टँटलमवरची खूण प्लस दाखवते. उलटा लागला तर टँटलम पेट घेतो.

लावण्याआधी गळती मोजली. ९ व्होल्टला जोडून ओळीत १० केचा रेझिस्टर, पाच मिनिटांनी त्याच्यावर ४ मिलिव्होल्ट. म्हणजे ०.४ मायक्रोअँपिअर. साडेनऊपुढे नगण्य.

लावला. २२ अंशांना अकरा सेकंद, तिन्ही वेळा अकरा.

२६ डिसेंबर, गुरुवार

थंडीची परीक्षा फ्रिजमध्ये. टायमर स्टीलच्या डब्यात घालून रात्रभर ठेवला. आईने सकाळी दुधाच्या पातेल्याशेजारचा डबा उघडून बघितला आणि “एवढंच राहिलं होतं” म्हणून परत ठेवला.

फ्रिजमध्ये ५ अंश. पटकन बाहेर काढून जोडला. सोळा सेकंदांनी सुटायला हवा होता. वीस, तीस, चाळीस. सुटेचना! हाताने करंट काढला. पीसीबीवर बोट फिरवलं तर ओलं. बाहेरच्या हवेतलं बाष्प गार पीसीबीवर दव होऊन बसलं होतं, आणि जिथून मी वार्निश खरवडलं होतं तिथूनच ती धार बाजूला झिरपत होती. साडेनऊ मायक्रोअँपिअरच्या वाटेवर ओलाव्याची एक रेघही पुरते.

बरं झालं हे टेबलावर घडलं. आमच्याकडे डिसेंबरात पहाटे बॉनेटवर दव निथळत असतं.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या दातांच्या ब्रशने पीसीबी दोन्ही बाजूंनी घासून धुतला, दुपारभर पत्र्यावर उन्हात वाळवला, पीसीबीवर मारायच्या लॅकरचे दोन हात दिले. रिलेच्या तोंडाला आधी टेप लावली, लॅकर आत जाऊ नये म्हणून.

२७ डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा फ्रिज. सतरा, सोळा, सोळा. दव होतं, पण आता लॅकरच्या वर होतं.

२८ डिसेंबर, शनिवार

आता १७ तारखेचे ते १.४ व्होल्ट. खरं तर त्यांना आधी धरायला हवं होतं.

टायमर गाडीला जोडला, प्लगांचा पूर्ण भार दिला आणि एकेका टप्प्यावर मीटर लावला. बॅटरी ते ३० नंबर: ०.१ व्होल्ट. जी ते पट्टी: ०.१. ३० ते जी, म्हणजे रिलेच्या पोटातल्या कॉन्टॅक्टवर: १.२ व्होल्ट. भार नसताना ओहम मोजले असते तर मीटरने तिथे शून्यच दाखवलं असतं. ४५ अँपिअर वाहताना मोजलं तेव्हाच खरं दिसलं.

१.२ गुणिले ४५, म्हणजे ५४ वॅट. माझी सोल्डर गन २५ वॅटची आहे. एका बंद प्लास्टिकच्या डब्यात, कपॅसिटरपासून दोन बोटांवर, दोन सोल्डर गनांएवढी उष्णता रोज पहाटे सोळा सेकंद, वरून इंजिनाची धग. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या बाबतीत ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. तो कपॅसिटर आपोआप नाही सुकला, त्याला त्या कॉन्टॅक्टने भाजला. आणि नुसता नवा कपॅसिटर घालून मी डबा बंद केला असता तर चार हिवाळ्यांनी पुन्हा इथेच आलो असतो.

प्लगांचंही नुकसान होतंच होतं. ११.३ च्या जागी १०.१ व्होल्ट, वर्ग केला की उष्णता एक पंचमांश कमी.

रिलेचं आवरण कापून पाहिलं. कॉन्टॅक्ट कोळशासारखा काळा, मधोमध खड्डा. पॉलिश पेपरने घासायचा मोह होतो, पण वरचा चांदीचा थर गेला की तो आणखी लवकर जळतो. त्यापेक्षा त्याच्यावरचं ओझंच उतरवलं. आता डब्यातल्या रिलेच्या जागी त्याच मापाचा नवा रिले लावला, पण त्याने प्लगांचा करंट वाहायचा नाही. बटणासाठी आणलेला ७० अँपिअरचा रिले बाहेर, हवेत बसवला आणि डब्याच्या जीची वायर फक्त त्याच्या कॉइलला दिली. तिथे अर्धा अँपिअरही लागत नाही. जुन्या डब्याने फक्त वेळ मोजायची, जड काम बाहेरच्याने करायचं.

२९ डिसेंबर, रविवार

बसवला. डबा रबरी बूच घालून, वायरींची तोंडं खाली ठेवून, म्हणजे पाणी आत उतरणार नाही. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. भाराखाली बॅटरी ११.५, पट्टी ११.२.

डॅशबोर्डावर जुन्या दिव्याशेजारी एक बारीक लाल एलईडी लावला, १ केच्या रेझिस्टरसह, थेट प्लगांच्या पट्टीवरून. पिवळा दिवा त्याला शिकवलेलं बोलतो. लाल दिव्याला पट्टीवर करंट असल्याशिवाय लागताच येत नाही. नानांना सांगितलं, “पिवळा विझला की सेल मारायचा, पण लाल लागलाय ना ते आधी बघायचं.” बटण आणि त्याची वायर काढून टाकली. अर्धवट जोडण्या गाडीत ठेवायच्या नसतात.

६ जानेवारी २०२५, सोमवार

६ अंश. पहिल्या सेलला. त्याआधीच्या सात पहाटही पहिल्याच सेलला. लाल दिवा ९ अंशांना पंधरा सेकंद, ६ ला सोळा. दुपारी गरम इंजिनावर सहा. पेन्सिलीने काढलेल्या हिशेबाच्या एखाद-दुसऱ्या सेकंदाच्या आत.

मिस्त्री रस्त्यात भेटले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तो १.२ व्होल्टचा मीटर कसा लावायचा, एकदा दाखव.” शनिवारी गॅरेजवर जाईन. त्यांच्याकडे अशाच दोन जुन्या गाड्या उभ्या आहेत.

१९ जानेवारी, रविवार

दुसरा टँटलम कपॅसिटर आणि एक फ्यूज कागदात गुंडाळून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवला, सोबत दिनदर्शिकेवरच्या नकाशाची घडी.

बागेत गोडी भरायला लागली आहे. अजून महिनाभर पहाटे जावं लागेल. आज मी नानांच्या शेजारी बसलो होतो. चावी फिरवली, बॉनेटखाली एकदाच टक झालं, दोन्ही दिवे लागले. आता गरज नाही, तरी नाना मोजतात. अकराला पिवळा विझला. त्यांनी सेल नाही मारला. लालकडे बघत चौदापर्यंत गेले आणि मग मारला.